एसएसक्यू मराठीत आणताना: सोळा लक्षणं, चार आकडे आणि चुकीच्या बेरजा

सिम्युलेटरमध्ये (विमान किंवा गाडी चालवण्याचा कृत्रिम अनुभव देणाऱ्या यंत्रात) किंवा व्हीआर हेडसेट घालून बसलेल्या माणसाला मळमळ, चक्कर, डोळ्यांवर ताण असा किती त्रास झाला हे मोजायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं ते ‘सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेर’चं, म्हणजेच एसएसक्यू या प्रश्नावलीचं. रॉबर्ट केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. एका पानात मावते, भरायला दोन-तीन मिनिटं पुरतात, आणि गुण काढायला साधी एक्सेलची शीट चालते. त्यामुळे मानसशास्त्र, डिझाइन, ऑटोमोबाइल, फिजिओथेरपी अशा कुठल्याही विभागातले विद्यार्थी ती सर्रास उचलतात, मराठी करून घेतात आणि आकडे छापतात. साधन म्हणून एसएसक्यू चांगलीच आहे. पण मराठीत आणल्यावर तिचे गुण मूळ गुणांइतकेच भरवशाचे राहतात, असं धरून चालता येत नाही. शब्दांची दुरुस्ती नीट केली तर होते. वजनांची, म्हणजे लक्षणांच्या बेरजा ज्या ठरावीक आकड्यांनी गुणतात त्यांची, होत नाही, आणि तिथेच बहुतेक अहवाल घसरतात.

आधी साधन काय आहे ते पाहू. एसएसक्यूच्या आधी जहाज आणि विमान लागण्यासाठी पेन्साकोला मोशन सिकनेस क्वेश्चनेर नावाची मोठी यादी वापरली जायची. अमेरिकी नौदलाच्या दहा फ्लाइट सिम्युलेटरांमधून जमवलेल्या १,११९ आधी-नंतरच्या नोंदी घेऊन केनेडींनी त्या यादीतल्या २८ लक्षणांतली सिम्युलेटरला न शोभणारी काढली आणि १६ ठेवली. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण. या सोळांचे तीन गट पडतात: नॉशिया (मळमळ आणि पोटाचा त्रास), ऑक्युलोमोटर (डोळ्यांचा ताण आणि थकवा) आणि डिसओरिएंटेशन (चक्कर-भ्रम). प्रत्येक गटात सात लक्षणं येतात, म्हणजे एकूण एकवीस जागा होतात. लक्षणं सोळाच असल्यामुळे पाच लक्षणं दोन-दोन गटांत मोजली जातात. ही पाच लक्षणं नीट कळली की अर्धं काम झालं.

मूळ क्रमाने गट असे:

नॉशिया: १ एकूण बरं न वाटणं, ६ लाळ, ७ घाम, ८ मळमळ, ९ लक्ष न लागणं, १५ पोटात कसंतरी होणं, १६ ढेकर. बेरजेला ९.५४ ने गुणायचं.
ऑक्युलोमोटर: १ एकूण बरं न वाटणं, २ थकवा, ३ डोकेदुखी, ४ डोळ्यांवर ताण, ५ नजर न ठरणं, ९ लक्ष न लागणं, ११ अंधुक दिसणं. बेरजेला ७.५८ ने गुणायचं.
डिसओरिएंटेशन: ५ नजर न ठरणं, ८ मळमळ, १० डोकं भरल्यासारखं वाटणं, ११ अंधुक दिसणं, १२ डोळे उघडे असताना चक्कर, १३ डोळे मिटल्यावर चक्कर, १४ व्हर्टिगो. बेरजेला १३.९२ ने गुणायचं.
एकूण गुण: तिन्ही गटांच्या न गुणलेल्या बेरजा एकत्र करून ३.७४ ने गुणायचं.

एकूण गुणांची ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी, कारण चुका तिथेच होतात. एका माणसाचे गुण घेऊन पाहू. एकूण बरं न वाटणं १, थकवा १, डोळ्यांवर ताण २, नजर न ठरणं १, घाम १, मळमळ १, डोळे मिटल्यावर चक्कर १, पोटात कसंतरी होणं १, बाकी सगळं शून्य. नॉशियाची बेरीज ४, म्हणजे ३८.१६. ऑक्युलोमोटरची ५, म्हणजे ३७.९०. डिसओरिएंटेशनची ३, म्हणजे ४१.७६. एकूण गुण (४+५+३) गुणिले ३.७४, म्हणजे ४४.८८.

पहिली चूक म्हणजे सोळा लक्षणांची सरळ बेरीज करून तिला ३.७४ ने गुणणं. इथे ती बेरीज ९ येते आणि एकूण गुण ३३.६६ निघतात. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी चूक उलट दिशेची. तिन्ही गटांचे गुणलेले आकडे (३८.१६, ३७.९० आणि ४१.७६) एकत्र करून वर पुन्हा ३.७४ ने गुणतात आणि ४४०.६५ काढतात. ही पकडणं सोपं आहे, कारण एकूण गुणांची कमाल मर्यादाच २३५.६२ आहे. नॉशियाची कमाल २००.३४, ऑक्युलोमोटरची १५९.१८ आणि डिसओरिएंटेशनची २९२.३२. शीटमध्ये या चार मर्यादा आधीच टाकून ठेवाव्यात आणि ओलांडल्या की सेल लाल व्हावा अशी सोय करावी.

तिसरी चूक ऑनलाइन फॉर्मची. पर्यायांना फॉर्मने आपोआप १ ते ४ क्रमांक दिले आणि ते तसेच शीटमध्ये उतरले, तर ज्याला काहीच त्रास झाला नाही त्याचेही एकूण गुण ७८.५४ येतात. कुणाचेच गुण त्याखाली गेले नसतील तर सहभागींना त्रास झाला नसून कोडिंग चुकलं आहे. चौथी चूक क्रमाची: भाषांतर करताना किंवा फॉर्म सुटसुटीत करताना लक्षणांचा क्रम बदलतो आणि गुण मात्र जुन्या क्रमांकांनी काढले जातात. जुन्या २८ लक्षणांच्या यादीतले क्रमांकही वेगळे होते. म्हणून शीटमधल्या रकान्यांना क्रमांक देण्यापेक्षा लक्षणाचं नाव द्यावं.

आता भाषेकडे. या प्रश्नावलीचं मराठी करणं वरवर सोपं वाटतं, कारण सगळी लक्षणं रोजच्या बोलण्यातली आहेत. फसगतही त्यामुळेच होते. लक्षण क्रमांक ५ डोळ्यांचं आहे आणि ९ मनाचं. घाईत दोन्हींचं ‘लक्ष केंद्रित करण्यात अडचण’ होतं. यंत्राने भाषांतर केलं तर हमखास होतं. मग ज्याचं मन विचलित झालं आहे तो ५ वरही खूण करतो, आणि त्याच्या डिसओरिएंटेशनमध्ये उगाच १३.९२ ची भर पडते. ५ साठी ‘नजर एका जागी ठरत नाही’ आणि ९ साठी ‘कशात लक्ष लागत नाही’ असं सरळ ठेवावं.

लाळेच्या प्रश्नाला ‘तोंडाला पाणी सुटणं’ लिहिलं तर वाचणाऱ्याला मिसळ आठवते, त्रास आठवत नाही. ‘तोंडात नेहमीपेक्षा जास्त लाळ येणं’ हे पुरेसं आहे. उलट-भाषांतरावर विसंबू नये याचं हे चांगलं उदाहरण आहे. कुणी ‘तोंडाला पाणी सुटणं’ परत इंग्रजीत नेलं तर जवळजवळ मूळ शब्दच हाती येतो आणि समिती समाधानाने मान डोलावते. अशी गडबड पकडता येते ती फक्त भरणाऱ्या माणसाला ‘हे वाचून तुम्हाला काय वाटलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारूनच.

डोकं भरल्यासारखं वाटण्याला बरेच जण ‘डोकं जड होणं’ म्हणतात. मराठीत सर्दीने, झोपेने, उन्हाने, कशानेही डोकं जड होतं. हे लक्षण फक्त डिसओरिएंटेशनमध्ये मोजलं जातं, म्हणून दुपारच्या सत्रातली पेंगही त्या गटात जाऊन बसते. ‘डोक्यात दाब भरल्यासारखं वाटणं’ त्यातल्या त्यात बरं, आणि डोकेदुखीचा प्रश्न त्याच्या लगेच वर किंवा खाली येऊ देऊ नये. लक्षण १४ आणखी नाजूक. मूळ फॉर्मवर त्याला तळटीप आहे: सरळ उभ्या दिशेचं भान सुटणं. ‘भोवळ’ लिहिलं तर लोक शुद्ध हरपण्याच्या जवळ जातात, ‘गरगरणं’ लिहिलं तर ते १२ आणि १३ मध्ये मिसळतं. इथे एका शब्दाचा हट्ट सोडून वाक्यच लिहावं: ‘आपण सरळ आहोत की कललो आहोत हे कळेनासं होणं’. लक्षण १५ लाही मूळ फॉर्ममध्ये तळटीप आहे: मळमळीच्या अलीकडची, पोटाची अस्वस्थ जाणीव. ‘पोटात ढवळणं’ म्हणजे आपल्याकडे मळमळच, त्यामुळे ८ आणि १५ एकच होऊन बसतात. ‘पोटात कसंतरी होणं, पण मळमळ नाही’ हे लोकांना लगेच कळतं.

पहिल्या प्रश्नात ‘अस्वस्थ वाटणं’ नको. त्यात काळजी, धाकधूक सगळं येतं, आणि हे लक्षण दोन गटांत मोजलं जात असल्याने परीक्षेची भीतीही दोनदा मोजली जाते. ‘एकूणच बरं वाटत नाही’ हे शरीराकडे नेतं.

एक अडचण फक्त आपल्या व्याकरणाची आहे आणि भाषांतराच्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये ती सापडणार नाही. थकवा पुल्लिंगी, मळमळ स्त्रीलिंगी, डोकं नपुंसकलिंगी. वरच्या ओळीत ‘थोडा’ छापलं तर सोळापैकी निम्म्या ओळींशी ते जुळत नाही, आणि ‘थोडा/थोडी/थोडं’ असं छापलं तर फॉर्म सरकारी अर्जासारखा दिसतो. लिंगानुसार न बदलणारे शब्द घेतले की प्रश्न सुटतो: ‘अजिबात नाही, जरा, मध्यम, खूप’. ‘किंचित’ आणि ‘तीव्र’ही बदलत नाहीत, पण बसचालक किंवा शाळेतली मुलं फॉर्म भरणार असतील तर ‘जरा’ आणि ‘खूप’ जास्त चालतात. त्याच कारणाने ‘मी थकलो’ किंवा ‘मी थकले’ टाळून ‘थकवा वाटतो’ असं लिहावं. सूचनेत ‘आत्ता, या क्षणी’ ठळक करावं. ते नसेल तर लोक सत्रातला सगळ्यात वाईट क्षण आठवून खूण करतात, आणि मोजायची असते ती आत्ताची स्थिती.

भाषांतराच्या पद्धतीसाठी बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेल्या पायऱ्या पुरेशा आहेत: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, दोन्ही मिळून एक करायचं, उलट-भाषांतर, तज्ज्ञांची बैठक आणि ३० ते ४० जणांवर चाचणी. भाषांतर करणाऱ्यांपैकी एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला माहीत नसावा. चाचणीतली माणसं मात्र एकाच शहरातली, एकाच कॉलेजातली नकोत. चंद्रपूर, लातूर, सावंतवाडी अशा तीन टोकांची थोडी थोडी माणसं घेतली तर शब्दांचा कस लागतो. नाव-पत्त्यासोबत एक प्रश्न जरूर असावा: ‘तुम्हाला गाडी लागते का? घाटात, बसमध्ये, बोटीत?’ सगळ्यांना कळणारा यापेक्षा चांगला चाळणी-प्रश्न मराठीत नाही, आणि ज्यांना गाडी लागते त्यांचे गुण नव्या फॉर्मवर जास्त येतात का, ही फॉर्मचीच पहिली परीक्षा ठरते.

मार्गदर्शक सांगतात म्हणून काही जण आठवड्याने तोच फॉर्म पुन्हा भरून घेऊन स्थिरता मोजतात. या साधनासाठी त्याला अर्थ नाही. त्रास मुळातच येतो आणि जातो, शिवाय दुसऱ्यांदा बसलेला माणूस सरावलेला असतो. गटांमधला सहसंबंध काढतानाही सावध राहावं: नॉशिया आणि ऑक्युलोमोटरमध्ये दोन लक्षणं सामाईक, ऑक्युलोमोटर आणि डिसओरिएंटेशनमध्ये दोन, नॉशिया आणि डिसओरिएंटेशनमध्ये एक. सहसंबंधाचा काही भाग या सामाईक लक्षणांनीच बनवलेला असतो.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वजनांचा. ९.५४, ७.५८, १३.९२ आणि ३.७४ हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. नौदलाच्या त्या नोंदींमध्ये प्रत्येक गुणाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) १५ यावं म्हणून ते निवडलेले आहेत. तिथे चक्कर-भ्रमाची लक्षणं कमी आढळली, म्हणून डिसओरिएंटेशनचं वजन मोठं. निरोगी, निवडून घेतलेले, विमानाची सवय असलेले तरुण लष्करी वैमानिक आणि पुण्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकायला आलेली पन्नाशीची गृहिणी यांच्यात लक्षणांची वाटणी तीच असेल, असं धरायला काहीच आधार नाही. कॅनडात स्तेफान बुशार आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये फ्रेंच भाषिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीनऐवजी दोनच गट निघाले, नॉशिया आणि ऑक्युलोमोटर. चक्करची लक्षणं नॉशियाकडे गेली, डोकं भरल्यासारखं वाटणं ऑक्युलोमोटरकडे. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक लक्षण एकाच गटात येतं, गुणायचं काही नाही, एकूण ० ते ४८. मराठी फॉर्मसाठी ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. पण जुन्या अभ्यासांशी तुलना करता यावी म्हणून मूळ वजनांचे गुणही द्यावेत. दोन्ही द्यायला एक्सेलचे चार रकाने वाढतात, एवढंच. स्वतःची गटरचना तपासायची असेल तर दोनशेच्या आसपास माणसं लागतात, आणि ० ते ३ ही श्रेणी आहे हे लक्षात घेऊन पॉलिकोरिक (अशा क्रमवार श्रेणींसाठीच्या) सहसंबंधांवर विश्लेषण करावं.

वजनांइतकाच धोका कट-ऑफचा, म्हणजे किती गुणांना किती त्रास म्हणायचं त्या सीमारेषांचा आहे. २००३ मध्ये केनेडींच्या गटाने लष्करी वैमानिकांच्या नोंदींवरून एक तक्ता दिला: एकूण गुण ५ पेक्षा कमी म्हणजे नगण्य, ५ ते १० किमान, १० ते १५ लक्षणीय, १५ ते २० चिंताजनक, २० च्या वर म्हणजे सिम्युलेटरच खराब. हा तक्ता प्रबंधांमधून बिनदिक्कत उतरवला जातो. मे महिन्यात पंख्याखाली बसवलेल्या माणसाला घाम २ आणि जेवणानंतर ढेकर १ एवढंच धरा. गुण ११.२२, म्हणजे सिम्युलेटर सुरू व्हायच्या आधीच ‘लक्षणीय’. व्हीआरमध्ये तर हा तक्ता जवळजवळ निरुपयोगी आहे. के स्टॅनी, केनेडी आणि ड्रेक्सलर यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं की व्हीआरमधला त्रास सिम्युलेटरपेक्षा बराच जास्त असतो आणि त्याचा क्रमही वेगळा: सिम्युलेटरमध्ये ऑक्युलोमोटर वर, व्हीआरमध्ये डिसओरिएंटेशन वर. आपला आकडा आपल्याच दुसऱ्या स्थितीशी ताडावा, तक्त्याशी नव्हे.

मग सत्राच्या आधीही फॉर्म घ्यायचा की नाही? घ्यावा, पण कारण समजून. मूळ पद्धतीत आधीचा फॉर्म मुख्यतः चाळणीसाठी असतो: आज बरं नसलेल्याला बसवायचं नाही, आणि गुण नंतरच्या फॉर्मचे. नंतरमधून आधीचे वजा केले तर वरचा घाम आणि ढेकर निघून जातात, हा मोठा फायदा. तोटा असा की यंग, अॅडलस्टाइन आणि एलिस यांनी २००७ मध्ये दाखवल्याप्रमाणे आधी फॉर्म भरलेल्यांनी नंतर जास्त त्रास नोंदवला. प्रश्नच मनात बी पेरतात. म्हणून सगळ्या गटांना एकसारखीच वागणूक द्यावी, कुणाला आधी फॉर्म आणि कुणाला नाही असं करू नये, आणि आधीचे, नंतरचे व फरक असे तिन्ही आकडे छापावेत. जेवणानंतर निदान तासभर थांबावं, खोलीचं तापमान लिहून ठेवावं.

नंतरचा फॉर्म हेडसेट काढल्या काढल्या, बसलेल्या जागीच भरून घ्यावा. लक्षण १३ साठी माणसाला प्रत्यक्ष डोळे मिटायला सांगावं. बहुतेक जण न मिटताच शून्य लिहून मोकळे होतात. मध्येच उठून गेलेल्यांचा फॉर्म उठण्याच्या क्षणी घ्यावा आणि त्यांची संख्या वेगळी द्यावी. त्यांना वगळून काढलेली सरासरी फक्त टिकून राहिलेल्यांची असते आणि वाईट सिम्युलेटर चांगला दिसू लागतो. रिकामी ओळ म्हणजे शून्य नव्हे, तिथल्या तिथे विचारून घ्यावी. गुणांमध्ये शून्यं भरपूर आणि शेपूट लांब, त्यामुळे सरासरीसोबत मध्यक आणि चतुर्थक द्यावेत, आणि दोन स्थितींची तुलना विलकॉक्सन या सांख्यिकी चाचणीने करावी.

पर्याय आहेत. केशवर्झ आणि हेश्ट यांची एफएमएस (फास्ट मोशन सिकनेस स्केल, २०११) म्हणजे दर मिनिटाला ० ते २० मधला एक आकडा तोंडी सांगायचा. भाषेची अडचण जवळजवळ नाही, आणि त्रास कधी वाढला हे कळतं, जे एसएसक्यू कधीच सांगू शकत नाही. दोन्ही एकत्र वापरणं सर्वांत चांगलं. व्हीआरएसक्यू (व्हीआरसाठीची प्रश्नावली, २०१८) नऊ लक्षणांची आणि सुटसुटीत आहे, पण तिच्यात मळमळच नाही. बसून बटणं दाबण्याच्या कामाला ठीक, गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरला अजिबात नाही.

भरलेला फॉर्म फाइलला लावण्याआधी एकदा १२, १३ आणि १४ या ओळी पाहाव्यात. तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर त्या माणसाला दुचाकीवर घरी पाठवू नये. पाणी देऊन बसवावं, अर्ध्या तासाने तेच तीन प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि उत्तर शून्य येईपर्यंत किल्ली टेबलावरच राहू द्यावी.